तंगडी मोडली तर काय?

पोरगं पळतं. दोन मैल नऊ मिनिटं आठ सेकंदांत पळतं. अमेरिकेतल्या शाळकरी पोराने एवढी वेळ काढली की गुळाला मुंगळे लागावेत तसे कॉलेजांचे कोच त्याला लागतात. हे पोरगं न्यू जर्सीतलं, माझ्या नायगावच्या दोस्ताचं. नाव देत नाही. नोव्हेंबरात त्याची सही व्हायचीय, उगाच आपलं छापील अक्षर त्याच्या आड यायला नको.

दोस्त आणि मी एकाच चाळीतले. दोघांचे बाप गिरणीत, दोघांच्या घरची चूल १९८२ च्या संपात विझलेली. तो बावीस वर्षांपूर्वी तिकडे गेला. अमेरिकेत गेला म्हणजे डॉलरच्या गादीवर लोळतो असं कुणी समजू नये. वखारीत सुपरवायझर आहे, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, घराचे हप्ते डोक्यावर. रात्री त्याचा फोन आला.

'तीन कॉलेजं मागे लागलीत. एक लई मोठं, टीव्हीवर दिसतं. बूट फुकट, कपडे फुकट. विमानाने नेलं, दोन रात्री हॉटेलात ठेवलं, पोराला त्यांच्या ड्रेसात उभं करून फोटो काढले. दुसरं मधलं. तिसरं लहान, ते खेळाचे पैसेच देत नाय म्हणतं, घरची कमाई बघून देतं. मी तर मोठ्यालाच हो म्हणणार होतो. पण पोरगं म्हणतं, काकाला विचारा. तू पळायचास ना?'

पळायचो. पहाटे पाचला वरळी सी-फेस, पायात कॅनव्हासचे बूट, अंगठा बाहेर. त्या पायांवर मला मुंबईतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, फी माफ झाली, कॅन्टीनमध्ये दूध-अंडी सुरू झाली. सर खांद्यावर हात टाकून 'आपला वाघ' म्हणायचे. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. नोव्हेंबरात गुडघा गेला, जानेवारीत दूध-अंडी गेली, जूनमध्ये फीचा कागद घरी आला. सर जिन्यात भेटले तर वाघाला ओळखेनात. त्यांना शिव्या देत बसत नाही, त्यांनाही वरून कुणीतरी पदकं मोजून मागत असणार. पण तेव्हापासून एक सवाल डोक्यात रुतून बसलाय. तोच मी त्या पोराला दिला. तुझी तंगडी मोडली तर हे लोक काय करणार? आणि त्याच्याच पोटातला दुसरा: तू एखाद्या दिवशी नाही म्हणालास, तर काय करणार?

बाकी सगळी भंकस आहे. स्टेडियम भंकस, बूट भंकस, फोटो तर महाभंकस.

अमेरिकेत लांब पल्ला पळणाऱ्या पोरांचा एक देव आहे, स्टीव्ह प्रीफाँटेन. ओरेगन राज्यातल्या कूस बे गावचा. बाप सुतारकाम करणारा, आई शिवणकाम करणारी. १९६९ मध्ये शाळा संपली तेव्हा डझनावारी कॉलेजं दारात उभी. त्याने घरच्याच राज्यातलं ओरेगन विद्यापीठ निवडलं, बिल बॉवरमनच्या हाताखाली. हा बॉवरमन म्हणजे नायके कंपनीच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. प्री १९७५ मध्ये मोटारीच्या अपघातात मेला, वय चोवीस. तिथलं हेवर्ड फील्ड आता नव्याने बांधलंय, त्यात मोठा पैसा नायकेच्या फिल नाईटचा. पोरं तिथे जातात, हिरवळ बघतात, खल्लास होतात. पण हाच प्री कॉलेजनंतर ट्रेलरमध्ये राहायचा, सरकारी फूड स्टँपवर जेवायचा. कारण हौशी खेळाडूने पैशाला शिवायचं नाही असा त्या काळचा सोवळा नियम. तो त्या नियमाशी मरेपर्यंत भांडला. पोस्टरवर त्याच्या मिशा छापतात, भांडण छापत नाहीत.

मी पोराला प्री नाही सांगितला. बिली मिल्स सांगितला.

मिल्स हा ओग्लाला लकोटा. साउथ डकोटातल्या पाईन रिज रिझर्वेशनमध्ये १९३८ चा जन्म. रिझर्वेशन म्हणजे आपलं आरक्षण नव्हे दोस्तहो. ज्यांची सगळी जमीन लुटली त्यांना गावकुसाबाहेर आखून दिलेला तुकडा म्हणजे रिझर्वेशन. बाराव्या वर्षापर्यंत आई-बाप दोन्ही गेले. पोरगा कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी हॅस्केलच्या सरकारी वसतिशाळेत आला. असल्या शाळा एकोणिसाव्या शतकात काढल्या त्या 'इंडियन' पोरांतला इंडियन खरवडून काढण्यासाठी. तिथे तो पळायला लागला. त्याच गावात कॅन्सस विद्यापीठ. त्यांनी स्कॉलरशिप दिली, तो गेला. गाव तेच, फक्त रस्ता ओलांडून गोऱ्यांच्या बाजूला.

तिथे तो देशातल्या पहिल्या फळीत पळाला. एका शर्यतीनंतर मानकऱ्यांचा फोटो काढायचा होता. सगळे उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, तो सावळा, त्याला बाजूला व्हायला सांगा. मिल्सने हे स्वतः कितीदा तरी सांगितलंय. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत तो खिडकीशी गेला होता, उडी टाकायच्या बेतात. मेलेल्या बापाचा आवाज आतून आला म्हणून मागे फिरला, असं तो म्हणतो.

१९६२ मध्ये पदवी, मग मरीन दलात अधिकारी. आणि १९६४, टोकियो, दहा हजार मीटर. कुणाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शेवटच्या फेरीत ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने ढकललं, ट्युनिशियाचा गम्मूदी दोघांच्या मधून घुसला, मिल्स मागे पडला, आणि शेवटच्या सरळ रेषेत बाहेरच्या लेनमधून दोघांना खाऊन गेला. २८ मिनिटं २४.४ सेकंद. अधिकारी धावत आला आणि विचारायला लागला, तू कोण? आजवर ऑलिंपिकमध्ये दहा हजारचं सोनं जिंकलेला तो एकटाच अमेरिकन आहे.

आता कुणी म्हणेल, बघा, कॉलेजने घडवला. ट्रॅक दिला, पदवी दिली, शर्यती दिल्या. दिल्या ना, नाही कोण म्हणतंय? पण त्या रात्री खिडकीशी त्याच्याबरोबर कोण होतं? कोच होता? कॉलेज होतं? पोराने कॉलेज बघायला जाताना हे बघावं, असं माझं म्हणणं. काढलेला फोटो सगळेच दाखवतात. फोटोबाहेर कोण उभा आहे ते शोध.

पोरगं हुशार. त्याने शोधलं. कॉलेजांच्या संघांच्या जुन्या याद्या इंटरनेटवर असतात. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला आलेली नावं घेतली आणि चौथ्या वर्षाच्या यादीशी ताडून पाहिली. मोठ्या कॉलेजात नऊ आले होते, तीन उरले. लहान कॉलेजात सहा आले होते, पाच उरले. सहावा कुठे गेला तेही त्याने काढलं. तो नाटकात गेला.

दुसऱ्या सवालाकडे येतो, नाही म्हणण्याच्या. यासाठी एल पासो. टेक्सास विद्यापीठाची एल पासो शाखा. १९६८ चा एप्रिल. मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घालून दोन आठवडेही झाले नव्हते. संघाला युटात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी शर्यत होती. ते मॉर्मन चर्चचं कॉलेज, आणि त्या काळी मॉर्मन चर्च काळ्या माणसाला धर्मगुरूपद देत नव्हतं. ते द्यायला १९७८ उजाडलं. संघातले काळे खेळाडू म्हणाले, आम्ही तिथे पळणार नाही. कोचने त्यांना संघातून काढलं, स्कॉलरशिप गेली. त्यात एक बॉब बीमन होता. लांब उडीवाला, पळणारा नव्हे, पण दावं एकच. त्याच ऑक्टोबरात मेक्सिकोत त्याने ८.९० मीटरची उडी मारली आणि जगाचे डोळे पांढरे झाले. म्हणजे ज्याला जगात कुणी गाठू शकत नव्हतं त्याला सुद्धा 'नाही' म्हणायची मुभा नव्हती, तर नऊ-आठवाल्या पोराची काय कथा!

त्याच उन्हाळ्यात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड साप्ताहिकात जॅक ओल्सनने काळ्या खेळाडूंवर पाच भागांची लेखमाला लिहिली. एल पासोचं सगळं तिथे चव्हाट्यावर आलं. पँथर हा शब्द आपण ज्या ओकलंडहून उचलला, ते ओकलंड याच काळात पेटलेलं होतं. ही माणसं आपल्याला परकी नाहीत.

आता करारपत्राकडे या. भावना बाजूला, कागद काढा.

कॉलेजच्या खेळांवर राज्य करणारी संघटना एनसीएए. तिचा पहिला बडा कारभारी वॉल्टर बायर्स. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉल खेळाडू रे डेनिसन डोक्याला मार लागून मेला. बायकोने भरपाई मागितली, कामावर मेलेल्या कामगाराच्या बायकोला मिळते तशी. १९५७ मध्ये कोर्टाने सांगितलं, तो कामगार नव्हता. असल्या दाव्यांना तोंड द्यायला या लोकांनी एक शब्द घडवला, 'स्टुडंट-अ‍ॅथलीट'. बायर्सने म्हातारपणी, १९९५ मध्ये, स्वतःच्या पुस्तकात याची कबुली दिली. आपल्याकडे घाण उपसणाऱ्याला गोंडस नाव देतात आणि हातमोजे देत नाहीत, तीच अक्कल.

१९७३ मध्ये संघटनेने चार वर्षांची स्कॉलरशिप काढून एक वर्षाची केली. दरसाल कोचच्या मर्जीने नवी. जवळजवळ चाळीस वर्षं हे चाललं. २०१२ पासून कॉलेजांना जास्त वर्षांची देण्याची मुभा आली. खेळ घसरला, हाड मोडलं म्हणून स्कॉलरशिप काढायची नाही, हे बंधन २०१५ मध्ये पाच बड्या गटांनी घातलं, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या कॉलेजांवर आलं. हे कुणी दयेने दिलेलं नाही. खेळाडू कोर्टात गेले, बोंबलले, तेव्हा मिळालं. २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एनसीएएला नऊ विरुद्ध शून्य असं झोपवलं.

मग आता काय बिघडलं, दोस्त विचारतो. बिघडलं हे, की स्कॉलरशिप काढत नाहीत पण माणूस काढता येतो. गोड बोलून 'तुला दुसरीकडे जास्त संधी आहे' असं सांगतात. आणि मुळात स्कॉलरशिप होती केवढी? कित्येक वर्षं पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला १२.६ स्कॉलरशिपा होत्या. होय, पॉइंट सहा. त्यात क्रॉसकंट्रीवाले, शंभर मीटरवाले, गोळाफेकवाले, उंच उडीवाले, सगळे मिळून. बायकांना १८. वाटून वाटून लांब पळणाऱ्याच्या ताटात चतकोर यायचा. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मोठी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलरची थकबाकी, आणि कॉलेजांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत थेट वाटायची परवानगी. स्कॉलरशिपांची मर्यादा गेली, त्या जागी डोक्यांची मर्यादा आली. क्रॉसकंट्रीला सतरा डोकी. पैशाचा मलिदा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. आणि सतरा डोक्यांत अठराव्याला, म्हणजे हळूहळू फुलणाऱ्या, मेहनती, फुकटात पळायला तयार असलेल्या पोराला, दार बंद. बिचाऱ्याचा काय गुन्हा?

म्हणून मी त्या तिसऱ्या लहान कॉलेजाकडे बोट दाखवलं. एनसीएएची तिसरी श्रेणी आणि आयव्ही लीगची आठ विद्यापीठं, इथे खेळासाठी पैसे मिळतच नाहीत. मदत मिळते ती घरची गरज बघून. लोकांना हे कमीपणाचं वाटतं. दोस्तालाही वाटलं. 'म्हंजे माझा पोरगा गरीब म्हणून घेणार? पळतो म्हणून नाय?' मी म्हटलं, अरे येड्या, तुझी गरिबी पोराच्या गुडघ्यात नाही ना? गुडघा गेला तरी ती शाबूत राहील. तो हसला नाही.

स्कॉलरशिपचा बाँड काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९१३ मध्ये बाबासाहेब याच न्यू जर्सीच्या नदीपलीकडे, कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. करार होता परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये यावं लागलं. बडोद्यात राहायला खोली मिळेना, पारशी खानावळीतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं, कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकायचे. महाराज चांगलेच होते. पण देणारा चांगला असून भागत नाही, मधली अख्खी कचेरी कशी आहे ते बघावं लागतं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते साठवलेल्या पगारावर, शाहू महाराजांच्या आणि दोस्ताच्या मदतीवर. तेव्हा कुठे डॉक्टरेट पुरी झाली.

दोस्ताची धाकटी मुलगीही पळते, चौदा वर्षांची. तिच्यासाठी वेगळं सांगायला लागलं, आणि हे सांगताना माझी जीभ जड झाली. न्यू यॉर्कजवळची मेरी केन शाळेत असताना १५०० मीटरची चमत्कार होती. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत पळाली. तिने कॉलेजच्या संघाचा रस्ता सोडला आणि नायकेच्या ओरेगन प्रोजेक्टमध्ये अल्बर्टो सालाझारकडे गेली. २०१९ मध्ये तिने जगासमोर सांगितलं: वजन कमी कर म्हणून मागे लागायचे, सगळ्यांसमोर वजन करायचे, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. २०२१ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या संघातल्या मुलींनी सांगितलं की यंत्राखाली झोपवून आमच्या अंगातली चरबी मोजत होते. पुरेसं खाल्लं नाही तर पाळी जाते आणि हाड ठिसूळ होतं, हे डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे. पोरीच्या आईने कोचला तोंडावर विचारावं: माझ्या पोरीचं वजन कोण करणार? कशासाठी? तो आकडा कुठल्या वहीत जाणार? लाजायचं काय त्यात?

हेन्री रोनोचं नाव दोस्तानेच काढलं. 'तो बघ, केनियातून आला, कॉलेजने त्याला कुठे नेला!' खरंय. वॉशिंग्टन स्टेटचा रोनो. १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम. आणि मग? केनियाच्या बहिष्कारांमुळे ऑलिंपिक हुकली, दारूने धरलं, त्याच अमेरिकेत तो बेघर झाला, विमानतळावर लोकांचं सामान उचललं. पुढे तो सावरला, २०२४ मध्ये वारला. मी कॉलेजला खुनी म्हणत नाही. दारू त्याने प्यायली. पण विक्रम मोजायला घड्याळं घेऊन जी माणसं उभी होती, ती नंतर कुठे होती एवढं तरी विचारायचं की नाही?

एक कबूल करतो. मोठ्या कॉलेजातली पोरं जास्त जोरात पळतात. तिथे रोज चौदा जण तुझ्यापेक्षा पुढे असतात आणि त्यांच्या मागे मागे तू पळायला शिकतोस. लहान कॉलेजात हे नाही. पोराला ऑलिंपिक दिसत असेल तर माझा सल्ला त्याला महागात पडू शकतो. हे मी त्याला लपवून ठेवलं नाही.

त्याने माझा सवाल इंग्रजीत करून तिन्ही कोचना पाठवला. मोठ्या कॉलेजचं उत्तर तीन ओळींचं: आम्ही एक कुटुंब आहोत. मधल्याने नियमांचं सोळा पानी पुस्तक पाठवलं. लहानग्याच्या बाईने, तिथे कोच बाई आहे, काहीच लिहिलं नाही, एक फोन नंबर दिला. तिसऱ्या वर्षाच्या पोराचा. पायाच्या हाडाला चीर गेली, दीड वर्ष पळालेला नाही, अजून संघाच्या बसमधून जातो, घड्याळ धरून उभा राहतो. दोघं चाळीस मिनिटं बोलले. काय बोलले ते पोरगं बापाला सांगत नाही, मलाही नाही.

दोस्त माझ्यावर खवळलाय. 'टीव्हीवर दिसायचं होतं रे पोरगं माझं.' सही अजून झालेली नाही. शनिवारी क्रॉसकंट्रीची शर्यत आहे, तिकडे पाऊस लागलाय, चिखल आहे. व्हिडिओ पाठवतो म्हणाला. मी म्हटलं पाठव, पण शेवटचा चढ नीट घे, मला त्याचं पाऊल बघायचंय.